सील नवं, गळती जुनीच

इकडे ये. पुढे ये, भिंतीला टेकू नकोस. हा पुठ्ठा बघ, रात्रभर त्या पिकअपखाली होता. परवा तू गिअरबॉक्सचं मागचं ऑइल सील बदललंस आणि आज हा थाळीएवढा डाग. वर तोंड करून सांगतोस, ‘सर, सीलच डुप्लिकेट होतं.’ वा! दुकानदार चोर, कंपनी चोर, साव तेवढा तूच.

आधीचं सील का गेलं, याचा विचार केलास? ब्रीदर पाहिलास? कुठे असतो ते तरी माहीत आहे? गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला. मी सकाळी पाहिला, चिखलाने पार बुजलाय. कांद्याची पोती लादून गाडी घाट चढते तेव्हा आतलं ऑइल तापतं, हवा फुगते, आणि तिला बाहेर पडायला तेवढीच एक वाट. ती बंद झाली की सगळा दाब सीलच्या ओठावर. मग सील सोन्याचं घाल, गळणारच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

योक हातात घेतलास तेव्हा त्यावर नख फिरवलंस? सीलचा ओठ घासतो तिथे खाच पडलीय. त्या खाचेवर नवं सील किती दिवस टिकेल? बसवायच्या आधी शाफ्ट वर-खाली हलवून पाहिलास? बेअरिंग ढिलं असेल तर शाफ्ट नाचतो आणि सील खातो. आणि सील ठोकलंस कसं? हातोडीने, एका बाजूने. कडा दुमडलेली दिसतेय. मापाचा सॉकेट ठेवून चहूकडून सारखं बसवायचं, स्प्रिंगची बाजू ऑइलकडे, ओठाला आधी ऑइलचं बोट. हे सगळं तुझ्या वहीत आहे, अक्षरही छान आहे. हाताला मात्र वहीचा वारा लागलेला नाही.

तरी माझा खरा राग यावर नाही. सील चुकीचं बसलं तर पुन्हा बसवता येतं. राग आहे तो तुझ्या पहिल्या दहा मिनिटांवर. खाली घुसलास, ओलं दिसलं आणि निकाल देऊन मोकळा झालास. धुतलंस? पुसलंस तरी? गाडी पळते तेव्हा ऑइल वाऱ्याने मागे पसरतं. जिथे थेंब लोंबतो तिथेच गळती असते, असं तुला कुणी शिकवलं? मी तर नाही. आधी डिझेलने धुवायचं, कोरडं करायचं, गाडी फिरवून आणायची आणि मग सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओल शोधायची. बेल हाउसिंगच्या तळाशी थेंब असेल तर तो इंजिनच्या मागच्या सीलमधूनही आलेला असू शकतो. बोटावर घे, वास घे. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प येतो. नाक कशाला दिलंय देवाने?

आणि तो मोबाइल! अमेरिकेतला कुणी आपल्या फोर्ड एफ-250 खाली आडवा होऊन लाल तेल दाखवतो, म्हणून तू इथे लाल डाग शोधत बसतोस. त्यांच्या त्या अवजड पिकअपला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याचं तेल नळ्यांतून पुढे कूलरकडे जातं, त्या नळ्यांच्या सांध्यांतून पाझरतं, आणि पातळीसुद्धा तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून पाहतात. तुझ्यापुढच्या गाडीला ना तो कूलर, ना त्या नळ्या. इथे गाडी सपाटीवर, इंजिन बंद, बाजूचा प्लग उघडायचा. ऑइल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलं की पुरे. तू ‘गळतंय म्हणून’ जास्तीचं ओतलंस! जास्त ऑइल घुसळून फेसाळतं आणि बाहेर यायला वाट शोधतं.

हसू नका रे मागे. ड्रेन प्लगला सिलिकॉन फासणारा तुमच्यातलाच आहे. नवा वायसर टाकायचा सोडून पाना ओढत बसला. ॲल्युमिनियमचे आटे गेले म्हणजे तो प्लग काय कपाळाला लावणार?

चल, स्टँड लाव. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाशील तर वर्कशॉपबाहेर काढीन. ब्रीदर उघड, ऑइल काढ, सगळं धुऊन घे आणि बेअरिंग तपासून मला दाखव. नवा योक आल्याशिवाय ही गाडी हलणार नाही. मालकांना उद्या कांदा बाजारात न्यायचा होता. त्यांना फोन तू करायचास, मी नाही.