लाल इशाऱ्याचा खाडा

पुण्यात शिवाजीनगरला 'शिमला ऑफिस' नावाचा बसथांबा आहे. पुण्यात शिमला कुठून आलं? 1928 साली भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे हलवलं गेलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण नाव लोकांच्या तोंडी राहिलं.

या खात्याचे 1904 पासून 1924 पर्यंतचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. मान्सूनचा अंदाज बांधायचा म्हणून त्यांनी जगभरच्या ठाण्यांच्या नोंदी जमवल्या आणि त्यांच्या कार्यालयातल्या भारतीय कारकुनांनी त्या नोंदींवर हातानं आकडेमोड केली. त्यातून दिसलं ते असं की, प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढला की हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि उलटही होतं. आपला पाऊस केवळ आपल्या आभाळात ठरत नाही, हे तेव्हा आकड्यांनी सिद्ध झालं. देश एकमेकांशी भांडत असतानाही हवामान खाती एकमेकांशी बोलत राहतात, याचं कारण हेच. जगभरची ठाणी ठरलेल्या वेळी आकाशात फुगे सोडतात. आपल्याकडे ही वेळ पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येते. दिल्लीचं चक्रीवादळ केंद्र 13 देशांसाठी माहिती काढतं, त्यांत पाकिस्तान आहे आणि येमेनही. 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर येऊन पुढे मावळ, खेड, जुन्नरमधली घरं आणि पॉलिहाऊस उद्ध्वस्त करणाऱ्या वादळाचं 'निसर्ग' हे नाव बांगलादेशानं सुचवलेलं होतं.

पुण्यातच पाषाणला असलेल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत अंदाजाची मूळ अमेरिकी प्रारूपं घेऊन आपल्या शास्त्रज्ञांनी ती मान्सूनसाठी घडवली. मे 2025 मध्ये तिथूनच 'भारत फोरकास्ट सिस्टिम' ही अंदाजप्रणाली आली. तिची जाळी 6 किलोमीटरची आहे, आधीची 12 ची होती. त्याच वर्षी अमेरिकेत मनुष्यबळ घटल्यानं काही ठाण्यांवरचे फुगे कमी झाले. तिकडे फुगा उडाला नाही तर इकडच्या अंदाजाच्या पायातलीही एखादी वीट निसटते. म्हणून मला ही कपात परक्या देशाची घरगुती बाब वाटत नाही.

इथवरचा सगळा प्रवास माणसाच्या शहाणपणाचा आहे, आणि तो मला मनापासून अभिमानास्पद वाटतो. अडतं ते पुढे. पाषाणपासून चाकणची औद्योगिक वसाहत जेमतेम 35 किलोमीटर. तेवढ्यात इशाऱ्याचा दम संपतो.

संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी मार्च 2022 मध्ये जाहीर केलं की 2027 च्या अखेरीपर्यंत पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस पूर्वसूचनेच्या छत्राखाली यावा. प्रत्येक माणूस, म्हणजे चाकणजवळच्या महाळुंगे किंवा खराबवाडीत पत्र्याच्या खोलीत चौघापाचजणांबरोबर राहणारा, ठेकेदाराकडे हजेरीवर काम करणारा ओडिशाचा पोरगाही. गंमत नव्हे, दुःख असं की या विषयात तो आपल्याहून जाणता आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे 10 हजार माणसं गेली. त्यानंतर तिथे निवारे बांधले गेले, त्यात जागतिक बँकेचाही पैसा आला, गावोगावी तरुणांना शिकवलं गेलं. 2013 च्या 'फायलिन'आधी सुमारे 10 लाख माणसं हलवली गेली आणि मृतांचा आकडा दोन अंकीच राहिला. इशारा आला की कोणत्या इमारतीत जायचं, म्हाताऱ्या आजीला कोणी उचलायचं, हे त्याच्या गावात ठरलेलं असतं. चाकणला आल्यावर त्याला हे कोणी सांगत नाही.

25 जुलै 2024 ला पवना आणि मुळा नद्यांचं पाणी पिंपरी-चिंचवडच्या जुन्या सांगवीत शिरलं. जिल्ह्यात शाळांना सुट्टी दिली गेली. शाळेच्या सुट्टीत मुलाचं काही कापलं जात नाही. हजेरीवरचा कामगार मात्र हवामान खात्याचा लाल इशारा वाचूनही कामावर निघतो, कारण घरी बसला तर खाडा लागतो. मोबाईलवरचा संदेश त्याच्या भाषेत आला, वेळेवर आला, खरा ठरला, तरी दिवसाची मजुरी बुडणार असेल तर तो पाळणं त्याला परवडत नाही. इशारा पाळायला सवड लागते, आणि चाकणमध्ये सवडीचा दर हजेरीपटावर लिहिलेला असतो. 15 जून 2025 ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा पूल कोसळून 4 जण गेले. तो धोकादायक असल्याचा फलक तिथे होताच. फलक लावणं आणि माणसाला थांबवणं यांतलं अंतर तिथे दिसलं.

पिंपरीला हे अंतर तोडता येणार नाही असं मी मानत नाही. या नगरीचा पायाच सहकार्यावर आहे: 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं, देशाला स्वतःचं पेनिसिलिन मिळावं म्हणून. आज शेजारच्या चाकणमधल्या कितीतरी कारखान्यांची मुख्यालयं जर्मनी-जपानमध्ये आहेत. सुटा भाग एक तास उशिरा आला तरी तिकडे कळतं. मग लाल इशाऱ्याच्या दिवशी खाडा लावू नये, पाळी उशिरा सुरू करावी, कामावरून सुटलेल्यांना पुलावरून न पाठवता आत थांबवून घ्यावं, हे ठेकेदाराच्या करारात लिहायला किती कागद लागेल? भोंगा बहुतेक कारखान्यांत असतोच. तो पाळी बदलायला वाजतो तसा पवनेच्या पाण्यासाठीही वाजू शकतो, आणि त्या आवाजाला मराठी, ओडिया किंवा भोजपुरी यायची गरज नाही.