निळ्या द्रावणात तांबे असते का?

मोरचुदाच्या निळ्या द्रावणात जस्ताची पट्टी बुडवली की तिच्यावर तांबूस थर चढतो आणि निळाई फिकी पडत जाते. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन द्रावणात उतरतो, तांब्याचा आयन ते घेऊन धातू बनतो. एकाचे ऑक्सिडीकरण, दुसऱ्याचे क्षपण. हीच देवघेव तारेतून घडवली तर प्रमाण स्थितीत सुमारे १.१० व्होल्ट मिळतात.

मग थर चढण्यापूर्वी ते तांबे होते कुठे? सांख्यांच्या सत्कार्यवादानुसार कार्य कारणात आधीपासूनच असते. न्याय-वैशेषिकांच्या मते ते नव्याने उपजते. ॲरिस्टॉटलने मधली वाट धरली: मिश्रणात घटक प्रत्यक्ष नव्हे, शक्तिरूपाने उरतात.

रसायनशास्त्र या वादाला नेमकेपणा देते. चकाकी आणि लाली एकेकट्या अणूची नसते. असंख्य अणूंच्या कक्षिका एकमेकींत मिसळून इलेक्ट्रॉन साऱ्या जालकाचे होतात, तेव्हा ती प्रकटते. द्रावणातली निळाईही आयनाभोवती जमलेल्या पाण्यामुळे येते. टिकून राहते ते २९ प्रोटॉनांचे केंद्रक. रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ पानेट यांनी १९३१ मध्ये म्हणूनच ‘मूलद्रव्य’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले: डोळ्यांना दिसणारे साधे द्रव्य, आणि संयुगातही टिकणारा गुणातीत आधार. हा भेद फार मोलाचा आहे. दुसऱ्या अर्थाने तांबे द्रावणात होतेच. पहिल्या अर्थाने नव्हते, कारण धातू व्हायला लागणारे इलेक्ट्रॉन अजून जस्ताकडे होते.