मुलांचा पहिला शब्दकोश

लहान मूल बोलावयास कसे शिकते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक आईबाप सहज देतात : आपण वस्तू दाखवितो, तिचे नाव सांगतो, आणि मूल ते उचलते. परंतु थोडा विचार केला असता हे उत्तर अपुरे ठरते. दारातल्या गाईकडे बोट करून 'गाय' म्हटले, तर त्या बोटाने जनावर दाखविले, की त्याचा पांढरा रंग, की त्याची शिंगे, हे ज्यास अद्याप एकही शब्द येत नाही त्याने कसे ओळखावे? सेंट ऑगस्टिनने आपल्या आत्मवृत्तात बालपणीच्या भाषाशिक्षणाचे जे वर्णन केले आहे, त्यावर विट्गेन्स्टाइनने १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या आरंभीच अशीच शंका घेतली आहे.

आपल्या मीमांसकांनी या प्रश्नास फार पूर्वीच हात घातला होता. त्यांच्या मते मूल शब्द शिकते ते वृद्धव्यवहारातून, म्हणजे मोठ्यांचे बोलणे व त्यामागोमाग घडणारी कृती पाहून. एक जण दुसऱ्यास 'गाय आण' म्हणतो, आणि तो गाय आणतो. 'गाय बांध' म्हणताच ती बांधतो. 'घोडा आण' म्हणताच घोडा आणतो. कोणता शब्द बदलला असता कृतीत काय बदलले, हे ताडून बाजूस बसलेले मूल एकेका शब्दाचा अर्थ वेगळा काढते. यास आवापोद्वाप असे नाव आहे. प्राभाकरांनी तर असा सिद्धांत मांडला की, शब्दाचा अर्थ सुटा कळतच नाही. तो काही करावयाच्या गोष्टीशी जोडलेलाच कळतो.

मीमांसकांचे मूल मात्र बाजूस बसून पाहणारे आहे. घरातले मूल मांडीवर असते. गोदाकाठी रामकुंडावर आई मुलाचे चिमुकले हात आपल्या हातांत धरून जोडते, 'जय बाप्पा कर' म्हणते, आणि त्याच क्षणी स्वतःही मान लववते. शब्द कानी पडतो, स्पर्श हातास होतो, कृती डोळ्यांस दिसते. तिन्ही एकाच वेळी. लक्ष्मी गोगटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच बारकाईने तपासले आहे. वस्तूंची व क्रियांची नवी नावे शिकविताना आया शब्दाच्या उच्चाराबरोबरच वस्तू हलवितात. आणि मूल जितके लहान, तितका हा मेळ अधिक साधतात, असे त्यांस आढळले. हे त्यांना कोणी शिकविलेले नसते.

येथवर हा भाषेचा प्रश्न झाला. परंतु माझ्या मते यातूनच एक नैतिक प्रश्न उभा राहतो. अर्थ जर वर्तनातून कळत असेल, तर आपले वर्तन हाच मुलांचा शब्दकोश होय. 'आत्ता येते हं' म्हणून आई तासाभराने परतली, तर 'आत्ता' या शब्दाचा अर्थ मूल तासाभराच्या वाट पाहण्यावरून ठरविते. 'उद्या आणू' असे सांगून खेळणे कधीच आणले नाही, तर त्याच्या कोशात 'उद्या' म्हणजे 'नाही' अशी नोंद होते. आपण समजतो, एक किरकोळ थाप मारली. प्रत्यक्षात आपण एक शब्द बिघडविलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, मग चिऊकाऊचा घासही खोटाच की! तो तसा नाही. काऊचा घास भरविताना आईचा आवाज, डोळे आणि हात एकाच लटक्या गोष्टीत रंगलेले असतात, व मूलही तीत भागीदार असते. 'औषध गोड आहे' असे सांगताना मात्र वाणी एक बोलते आणि हात दुसरेच पाजतो. खेळात शब्द व कृती यांचा मेळ असतो, फसवणुकीत तो तुटतो. हा भेद मुलास चांगला कळतो. दृष्टी मोबाइलवर ठेवून 'हो, हो, पाहिले' म्हणणारा बापही हा मेळ तोडतोच. 'पाहणे' या शब्दाचा अर्थ त्याने काय शिकविला, याचा त्यानेच विचार करावा.

जे घरास लागू, ते शाळेसही लागू आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे केंद्र काढले व पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या आदिवासी मुलांत ते कार्य वाढविले. गुरे राखावयास गेलेली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली पाहिजे, हा त्यांच्या कुरणशाळेमागील विचार. 'शिक्षण सर्वांसाठी' हे शब्द फळ्यावर लिहिणे सोपे. त्या शब्दांमागोमाग माळरानात चालत जाणे कठीण. परंतु त्या चालण्यानेच त्या शब्दांस अर्थ येतो.

मुलांस सत्य बोलावयास शिकवावे, असे आपण नेहमी म्हणतो. 'सत्य' हाही एक शब्दच आहे, आणि अन्य शब्दांप्रमाणेच तो व्याख्येने शिकविता येत नाही. आपण बोललो ते केले किंवा नाही, एवढ्यावरूनच मूल त्याचा अर्थ लावणार.