हूल आणि खोटे

दिवाळीच्या पाडव्याचे एक जुने नाव द्यूतप्रतिपदा असे आहे. त्या नावाला जागून कित्येक घरांत फराळानंतर पत्ते निघतात. तीनपत्तीच्या जोडीला आता ‘टेक्सस होल्डेम’ नावाचा पोकरही येऊन बसला आहे. टेक्ससमधील रॉब्सटाउन हे या खेळाचे जन्मगाव, असे तिथल्या विधिमंडळाने २००७ साली मान्य केले. पैशांऐवजी चिंचोके घेतले, तरी या खेळात एक नैतिक प्रश्न दडलेला आहेच : हूल देणे म्हणजे खोटे बोलणे काय?

आधी नियम पाहू. पाने वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी ठरलेली रक्कम आधीच मांडायची. मग प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. त्यानंतर पटावर सर्वांसाठी पाच पाने उघडतात : प्रथम तीन, मग एक, मग शेवटचे एक. झाकली पाने मिळाल्यावर एकदा आणि पुढे प्रत्येक उघडणीनंतर एकदा, अशा चार वेळा बोली होते. समोरच्याइतके लावा, वाढवा, किंवा पाने टाकून बाजूला व्हा. आपल्या सात पानांतून उत्तम पाच निवडायची. बाकी सारे बाजूला झाले, तर उरलेला गडी पाने न दाखवताच डाव नेतो. हूल देण्याची जागा ती हीच.

प्रतवारी मात्र तीनपत्तीहून वेगळी. तीनपत्तीत क्रमाने आलेली पाने एका रंगाच्या पानांना हरवतात. पोकरमध्ये रंग क्रमाला हरवतो. ही कोणाची लहर नव्हे. तीन पानांत नुसता क्रम ७२० प्रकारे जुळतो आणि नुसता रंग १,०९६ प्रकारे. पाच पानांत क्रमाचे १०,२०० प्रकार होतात, रंगाचे ५,१०८. जे दुर्मीळ, ते वरचढ.

आता समजा, तीनपत्तीत मुरलेले एखादे काका पटावर बसले. क्रम जुळला म्हणून त्यांनी भरघोस लावले आणि भाच्याने रंग दाखवून डाव नेला. ही उलटापालट भाच्याने त्यांना आधी सांगितलेलीच नव्हती. येथे त्याने एकही हूल दिली नाही. त्याची पाने अस्सल होती. तरीही काका फसवलेच गेले. उलट, नियम जाणणाऱ्या काकांना त्याने हातात काही नसताना हुलकावणी दिली असती, तर तेही हसले असते.

म्हणजे खोटेपणा झाकल्या पानात नसतो. ज्याने नियम समजून पान हाती घेतले, त्याने हूल खाण्यालाही संमती दिलेली असते. शिवाय हा खेळ लपवालपवीला कुंपण घालतो. पाने झाकता येतात, पण समोरचा पैसा झाकता येत नाही. डाव सुरू होताना पटावर जे होते, तेवढेच पणाला लागते. मध्येच घरातून आणून लावता येत नाही. आणि शेवटी पाने उलटली, की तोंडचा दावा संपतो. पाने बोलतील ते खरे. महाभारतातल्या त्या सभेला असे कुंपण नव्हते. द्यूताची आवड असूनही त्याचे कसब नसलेला युधिष्ठिर भाऊ, स्वतः आणि द्रौपदी इथवर लावत गेला आणि ज्येष्ठ मंडळी पाहत राहिली.

अल्बर्ट कार नावाच्या लेखकाने १९६८ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त असे मांडले, की व्यापार हा पोकरसारखाच आहे, तिथली हूल घरगुती नीतीच्या तराजूत तोलू नये. युक्तिवाद चलाख आहे. मंडईत घासाघीस करताना ‘जाते मी’ म्हणून पाठ फिरवणारी गृहिणी आणि ‘घरात पडत नाही’ म्हणणारा भाजीवाला यांना तो लागूही पडेल. दोघेही एकाच पटावरचे मुरलेले गडी. परंतु आजारी मुलासाठी औषध घेणाऱ्या बापाचे काय? तो खेळायला आलेला नाही, त्याला नियम कोणी सांगितले नाहीत, आणि मुख्य म्हणजे पाने टाकून उठण्याची त्याला मुभा नाही. त्याला दिलेली हूल ही हूल नव्हे. ते निखळ खोटे.

म्हणून पाडव्याला मुलांना हा खेळ जरूर शिकवावा. मात्र पहिली पाने वाटण्यापूर्वी सगळे नियम सर्वांत धाकट्यालाही कळले ना, हे विचारावे. आणि कंटाळून कोणी पाने खाली ठेवली, तर त्याला हसतमुखाने उठू द्यावे.