धर्म एकटाच दोषी काय?

धर्म नसता तर मनुष्याने मनुष्याचा गळा कापला नसता, असा आक्षेप पुष्कळ शिकलेले लोक घेतात. आणि धर्माभिमानी लोक तो ऐकून रागावतात. उभयतांनी क्षणभर शांत होऊन कल्याणच्या पुढची वस्ती पाहावी.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळी सरकारने तेथे सैन्याकरिता बराकी बांधल्या. त्या ठिकाणास कल्याण कॅम्प म्हणत. १९४७ साली देशाची फाळणी झाली, १९४८ च्या जानेवारीत कराचीस दंगल उसळली, आणि सिंधमधून परागंदा झालेली सुमारे एक लक्ष माणसे त्याच बराकींच्या आश्रयास आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे नाव उल्हासनगर असे ठेवण्यात आले. ह्या लोकांना देशोधडीस लावणाऱ्यांच्या मुखी धर्माचे नाव होते. सीमेच्या अलीकडेही तेच नाव घेऊन रक्त सांडले गेले. हे नाकारणे म्हणजे असत्य बोलणे होय. परंतु त्या बराकी मुळात कशासाठी उभारल्या होत्या? ते महायुद्ध राष्ट्र व वंश यांच्या अभिमानातून पेटले होते, आणि त्यात कोट्यवधी जीव गेले.

तेथून अंबरनाथ ओलांडून बदलापुरास जावे. १९२४ चे नव्हे, २०२४ च्या ऑगस्टचे हे वृत्त आहे. एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार आली. शाळेने खबर दिली नाही व पोलिसांनी विलंब केला, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना कडक शब्द सुनावले. तेथे कोणाच्या मनात काय होते, हे आपण ठरवू नये. पण संस्थेच्या नावास बट्टा लागेल म्हणून गप्प राहण्याचा मोह कोणास ठाऊक नाही?

शुभवर्तमानातील कयफा आठवा. तो प्रमुख याजक होता. तरी निर्दोष मनुष्याचा बळी देण्याची मसलत देताना त्याने देवाचे नाव पुढे केले नाही, राष्ट्राच्या हिताचे केले. तेव्हा राष्ट्र, जात, कुटुंब, संस्था, यांपैकी जी निष्ठा प्रश्न विचारू देत नाही, ती अधर्मास पांघरूण घालते. धर्म ह्यात एकटा नाही.

तथापि भक्तिमान मनुष्याने एवढ्यावर समाधान मानू नये. इतर निष्ठा 'आमच्यासाठी' म्हणून पाप करवितात. धर्म 'देवासाठी' म्हणून करवितो, म्हणजे प्रत्यक्ष न्यायाधीशाचीच सही अपराधावर उमटवितो. चोर इतरही आहेत म्हणून राजमुद्रा चोरणाऱ्याचा दोष कमी होत नाही.

ही गोष्ट दूरची नाही. पंचांच्या बैठकीत एखाद्या विधवेची तक्रार 'मंडळीची अब्रू जाईल' म्हणून दडपली जाते, तेव्हा तेच घडते. म्हणून जेव्हा जेव्हा 'अमक्यासाठी हे केलेच पाहिजे' असे शब्द ओठी येतील, तेव्हा प्रत्येकाने स्वतःस विचारावे: ज्याचे नुकसान होणार, त्याच्या डोळ्यांत पाहून हेच कारण सांगण्यास मी धजेन काय?