पुसलेले पान

दिवाळीच्या साफसफाईत काय टाकायचे आणि काय ठेवायचे, यावर आमच्या घरी दरवर्षी वाद होतो. यंदा तो वाद माळ्यावरून उतरून थेट माझ्या कादंबरीत शिरला.

माझा भाचा संगणकाच्या व्यवसायात आहे. माझे हस्तलिखित गहाळ होऊ नये म्हणून त्याने ते ‘गिट’मध्ये ठेवले आहे. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ साली ही व्यवस्था तयार केली. लिखाणाच्या ज्या ज्या टप्प्याची नोंद करावी, तो तो टप्पा ती जपून ठेवते.

कादंबरीतले एक प्रकरण मी रागाच्या भरात लिहिले होते. एका स्नेह्याने विश्वासाने सांगितलेली घरातली गोष्ट त्यात होती. नाव तेवढे बदलले होते. पुढे मन खाऊ लागले, तेव्हा मी ती फाइल काढून टाकली आणि मोकळा झालो.

“मामा, ती गेलेली नाही,” भाचा म्हणाला. “काढून टाकल्याचीही नोंदच होते. आदल्या नोंदीत ती जशीच्या तशी आहे.” आणि एका आज्ञेसरशी त्याने ते प्रकरण पडद्यावर आणून दाखवले!

मी शाळेत मुलांना सांगत असतो, गणित चुकले तर गिरगटू नका; एक रेघ मारा, चूक दिसू द्या. त्या न्यायाने माझीही चूक राहायला हवी होती. पण चूक माझी असली, तरी गुपित दुसऱ्याचे होते. स्वतःची चूक जपून ठेवणे हा प्रामाणिकपणा होईल. त्यासाठी दुसऱ्याची जखम उघडी ठेवण्याचा अधिकार मला कोणी दिला?

“मुळापासूनच पूस,” मी म्हणालो.

“पुसतो. पण प्रत्येक नोंद आदल्या नोंदीला बांधलेली असते. त्या प्रकरणापासून पुढच्या सगळ्या नोंदी नव्याने कराव्या लागतील. शिवाय कोणी प्रत नेली असेल, तर ती इथून पुसता येणार नाही.”

प्रत नेली होती. एका मित्राने, वाचायला. म्हणजे यंत्राचे काम संपत होते, तिथे माझे सुरू होत होते. मित्राकडे जाऊन मी ती प्रत नष्ट करायला लावली. त्याच्या डोक्यातले मात्र कसे पुसणार?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी त्या स्नेह्याकडे गेलो आणि सगळे सांगितले. तो काही बोलला नाही. आत जाऊन फराळाचे ताट घेऊन आला. ती क्षमा होती की नुसता पाहुणचार, हे मला अजून उमगलेले नाही.