ओझं कोणाच्या मानेवर?

आमच्यासारख्या लहान कास्तकाराचा माल आता कळमन्याच्या मार्केटात पिकअपनं येतो, नाहीतर छोट्या हत्तीनं. टाटाची ही गाडी 2005 साली आली, तेव्हा तिची ताकद पाऊण टनाची होती. हत्ती नुसता नावाला. पण दोन खेपांचं भाडं परवडत नाही, म्हणून सारं एकाच खेपेत कोंबतात. गाडीवाला कुरकुरला की उत्तर ठरलेलं, "अजून धा पोते बसते न, भाऊ!"

बसते, हे खरं. पण बसणं वेगळं अन् पेलणं वेगळं.

मिरचीचं पोतं हलकं, म्हणून थप्पी उंच जाते अन् वळणावर गाडी कलंडते. संत्रा दिसतो थोडा, पण पाटे दाबून टाकतो. जड माल खाली, केबिनला टेकून लावावा. नाडा आवळावा, अन् चार-पाच कोसांवर थांबून पुन्हा आवळावा, कारण हादऱ्यानं माल दबतो अन् दोर ढिला पडतो. यात नवीन काही नाही. बैलगाडीत मागं वजन झालं की गाडी उलाळ व्हायची. पिकअपमध्येही मागं वजन झालं की पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग हाती राहत नाही.

फरक एकच. बैलाला मान होती. ओझं जास्त झालं की तो बसून जायचा. मालकाला दोन पोते उतरवावेच लागत. नाही म्हणायचं काम जनावर करत होतं. पिकअप नाही म्हणत नाही.

मग कोणी म्हणावं? ड्रायव्हरचं पोट भाड्यावर. तो नाही म्हणाला तर दुसरी गाडी उभीच असते. मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला 20,000 रुपये दंड आहे, वर जादा टनामागं 2,000. तो चालवणाऱ्याला आहे, तसाच चालवायला लावणाऱ्यालाही. हा दुसरा माणूस म्हणजे आपण.

दंड एखादवेळी चुकेलही. पण वाचलेलं भाडं आपल्या खिशात, अन् धोका पोत्यांवर बसलेल्या हमालाच्या, समोरून सायकलनं येणाऱ्या पोराच्या वाट्याला. त्यांना कोणी विचारलं? काट्यात किलोभर मारलं तर आपण अडत्याशी भांडतो. हे तर दुसऱ्याच्या जिवाचं माप मारणं झालं.

भाव पडला की दुसऱ्या खेपेचे पैसे कुठून आणायचे, ही अडचण खोटी नाही. मग दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून दुसरी गाडी करावी. तेही जमत नसेल, तर उरलेले पोते उद्या न्यावे. मिरची एक दिवस थांबते.